दोन हजार ओहमचा हेडफोन

सुखदेव भगतच्या कागदावर त्या शनिवारीही बरीच जागा कोरी होती. चाळीस ग्रुप दिले होते. एकोणीस बरोबर, सहा चूक, बाकीच्या ठिकाणी नुसत्या आडव्या रेघा. मी लाल पेन्सिलने गुण घातले आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

“हे काय रे भगत?”

“ऐकू नाही आलं, मास्तर.”

“बाकी चौघायले आलं. तुलेच काहून नाही आलं?”

चौघांपैकी राऊत म्हणून उमरखेडकडचा एक चुणचुणीत मुलगा होता, तो खिडकीबाहेर बघत हसला. त्याचे अडतीस बरोबर होते.

मी तेव्हा यवतमाळच्या वायरलेस स्टेशनवर सीनियर ऑपरेटर होतो. द्विभाषिक राज्य होतं, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. खात्याचं नाव सांगत बसत नाही. जिल्ह्यात टेलिफोन मोजके, आणि पावसाळा लागला की तारा तुटायच्या. मग पूर असो की पटकीची साथ, निरोप जायचा तो आमच्या मोर्सवरून. मोर्स म्हणजे आखूड आणि लांब आवाजांची लिपी. आखूड तो डॉट, लांब तो डॅश. पाठवणारा एक छोटी दांडी दाबतो, तिला आम्ही ‘की’ म्हणतो. ऐकणाऱ्याच्या हेडफोनमध्ये पी-पी-पीऽऽ असा आवाज येतो, आणि तो अक्षरं लिहून घेतो. शिकाऊ माणसाने अंदाजाने शब्द पुरे करू नयेत म्हणून चाचणीत अर्थ नसलेली पाच-पाच अक्षरं देतात. तो एक ग्रुप.

त्या साली माझ्याकडे पाच शिकाऊ आले. तीन महिन्यांचा वर्ग आणि तीन चाचण्या. तिन्हींत जो पडला तो घरी. सुखदेव पहिल्या दोन्हींत पडला होता. तिसरी पंधरा दिवसांवर होती.

मी वाट पाहण्यातला माणूस नाही. त्याच दिवशी त्याच्या कागदावर शेरा मारला, ‘उमेदवाराचे श्रवण कमजोर. परत पाठवावा,’ आणि कागद परांजपे साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवून मोकळा झालो. परांजपे साहेब आमचे स्टेशन इन्चार्ज. पुण्याचे, अतिशय सभ्य, आणि कागदावर एकदा लिहिलेलं अक्षर म्हणजे दगडावरची रेघ मानणारे.

शेऱ्याची बातमी सुखदेवला कळली. अशा बातम्या आमच्या बिनतारी यंत्रापेक्षा लवकर पोचतात. सोमवारी तो हातात चिठ्ठी घेऊन आला.

“मास्तर, सरकारी दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनं कानापाशी चिमट्यावानी काटा वाजवून पाह्यला. म्हणे कान चांगले हाय. लिहून देल्लं त्यायनं.”

मी चिठ्ठी वाचली. कान खरंच उत्तम होते.

“मग लक्ष नाही तुहं.”

“लक्ष तं हाय जी.” त्याने चिठ्ठी परत घेतली. “बाप राजूरच्या खाणीत हाय. ठेकेदारानं त्याले सांगून ठेवलं, पोरगं वापस आलं तं माह्याकडं लाव. मास्तर, मले खाली नाही उतराचं.”

रडून-बिडून नाही, साध्या आवाजात बोलला. मला ते लागलं, पण मी ते दाखवलं नाही. उपदेश करायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी तो सढळ हाताने केला. लक्ष दे, मन लाव, पहाटे उठ. तो “हो जी” म्हणत राहिला.

दोन दिवसांनी जे झालं ते आमच्या धंद्यातल्या एका वाईट सवयीमुळे झालं. जुने ऑपरेटर साहेबासमोर तोंडाने बोलत नाहीत, पेन्सिलने बोलतात. डॉटला टेबलावर टक, डॅशला खर्रकन एक घासणं. साहेबाला वाटतं माणूस विचारात पडला आहे. माझा जोडीदार शेखभाई यात फार तयार होता. त्या दिवशी परांजपे साहेब लॉगबुकावरून आम्हा दोघांना फैलावर घेत होते. मी पेन्सिल वाजवली, ‘नो ब्रेकफास्ट टुडे.’ साहेबांना घरी न्याहारी मिळालेली दिसत नाही, असा त्याचा अर्थ. शेखभाईने चेहरा सुतकी ठेवून झरझर उत्तर दिलं, ‘अँड नो डिनर.’

कोपऱ्यात सुखदेव रजिस्टर उतरवत बसला होता. त्याचे खांदे हलले.

साहेब गेल्यावर मी त्याच्याकडे गेलो. “काहून हसला रे?”

“काही नाही जी.”

“सांग म्हनतो ना!”

“शेखभाईनं साहेबाचं रात्रीचं जेवनही बंद केलं, म्हून.”

शेखभाई माझ्याकडे बघतच राहिला. मी शेखभाईकडे. चाचणीत आम्ही मिनिटाला बारा शब्दांच्या चालीने मोर्स द्यायचो. शेखभाईची पेन्सिल वीसच्या खाली चालत नसे. आणि ते या पोराने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, पंख्याच्या घरघरीत, साहेबांची बोलणी चालू असताना वाचलं होतं. ज्याला वीस येतात त्याला बारा कसे येत नाहीत? कान ठीक, डोकं ठीक, लक्ष तर नको तितकं ठीक. राहिलं काय? कान आणि आवाज यांच्या मधे जे होतं ते.

मी तडक वर्गाच्या खोलीत गेलो. सुखदेवचा हेडफोन काढायला खुंट्यांकडे हात नेला, तर तिथे चारच हेडफोन होते. त्याचा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला होता.

इथे मला जरा सावकाश सांगावं लागेल, कारण यात माझी अब्रू नाही. वर्ग सुरू झाला तेव्हा नागपूरहून चार हेडफोन आले होते आणि मुलं पाच होती. पाचवा कुठूनसा लष्कराच्या मोडीतल्या पेटीतून निघाला. जुना, काळा, जड. तो कुणी घ्यायचा हे कुणी ठरवलं नाही. चार हात चार नव्या हेडफोनांकडे गेले आणि उरला तो सुखदेवने उचलला. त्याचं घर दीड-दोन वर्षांपूर्वीच बौद्ध झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे चौघे एकमेकांचे हेडफोन सर्रास वापरायचे, हाताला येईल तो डोक्यावर. त्याच्या हेडफोनला मात्र कुणी शिवत नसे. भिंतीवर खुंट्या सहा होत्या. तरी त्याच्यासाठी दाराजवळ खिळा ठोकला गेला. मी तो खिळा रोज पाहत होतो. ज्याचा त्याचा हेडफोन, बरी शिस्त आहे, असंच मला वाटत होतं. आमच्या वणीच्या घरी काही माणसांसाठी कपबशी वेगळी असायची, आणि ती वेगळी आहे हेही कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

दोन महिने मी त्या पोराला शिकवत होतो. यंत्र तपासणं हे माझं काम. बाकीचे चारही हेडफोन मी कितीदा तरी कानाला लावून पाहिले असतील. हा एकदाही नाही. का नाही, याचं उत्तर मला त्या खिळ्यापाशी उभं राहून मिळालं, आणि मला माझीच शरम वाटली.

मी तो काढून डोक्यावर चढवला आणि की दाबली. आवाज होता, पण कुठे तरी तिसऱ्या घरात कुणी पिपाणी वाजवावी इतका बारीक.

बिघडला असेल म्हणून मी तो शेखभाईच्या रिसीव्हरला, म्हणजे बाहेरचे निरोप ऐकायच्या यंत्राला, लावून पाहिला. तिथे तो असा कडाडला की मी डोक्यावरून ओढूनच काढला. म्हणजे हेडफोन धडधाकट. मग एका यंत्रावर मुका आणि दुसऱ्यावर बोलका, हे कसं?

मी मागचं झाकण पुसलं. कोरलेलं होतं, दोन हजार ओहम. नव्या चारांवर होतं शंभर ओहम.

हा आकडा म्हणजे इम्पिडन्स. विजेच्या बदलत्या प्रवाहाला ती वस्तू किती अडवते, त्याचं माप. हेडफोन चांगला की वाईट हे त्यावरून ठरत नाही. कोणत्या यंत्राशी त्याचं जमेल ते ठरतं. वर्गातलं यंत्र, म्हणजे तो पी-पी आवाज तयार करणारा ओसिलेटर, शंभर ओहमवाल्यांसाठी बांधलेला होता. त्याला पाच हेडफोन शेजारी शेजारी जोडलेले, ज्याला आम्ही पॅरलल म्हणतो. एका टाकीला पाच तोट्या लावा. चार रुंद, एक सुईच्या भोकाची. टाकीतला जोर सगळ्यांना सारखाच मिळतो, पण बारीक तोटीतून पाणी थेंब थेंबच येणार. आमच्या जोडणीत सुखदेवला बाकीच्यांच्या साधारण विसावा हिस्सा शक्ती मिळत होती. त्याच्यासाठी आवाज वाढवावा तर बाकी चौघांचे कान फाटणार. रिसीव्हरची गोष्ट उलटी. तो दोन हजारवाल्यासाठीच केलेला होता.

मी परांजपे साहेबांकडे गेलो.

“साहेब, भगतचा शेरा मागे घ्यायचा आहे.”

“का?”

“त्याचे कान ठीक आहेत. हेडफोन जुळत नाही.”

साहेबांनी ट्रेमधून कागद काढला. “गावंडे, हे अक्षर तुमचंच ना? ‘श्रवण कमजोर.’ आठवडाभरात कान बरे झाले?”

“उद्या सकाळी वर्गावर या साहेब. तोंडी सांगण्यापेक्षा दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन टेबलामागची जोडणी बदलली. पॅरललची सिरीज केली. सिरीज म्हणजे सगळे एकाच ओळीत, एकाचं पाणी दुसऱ्यातून जाणार. यात सगळं फिरतं. प्रवाह सगळ्यांतून सारखा जातो, आणि जो जास्त अडवतो त्याच्याच वाट्याला जास्त शक्ती येते. सुखदेवचा काळा हेडफोन कानाला लावून, नेहमी चौघांना मिळतो तेवढा आवाज येईपर्यंत मी बटण फिरवलं. तेवढाच, त्याहून जास्त नाही. आता चौघांच्या वाट्याला तो विसावा हिस्सा आला होता.

साहेब खुर्ची घेऊन मागे बसले. मुलांनी हेडफोन चढवले. मी की दाबली.

पहिल्या डॅशलाच सुखदेव दचकला. त्याने एक कान उघडा केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. आणि लिहायला लागला. बाकीच्यांचं लिहिणं तिसऱ्या ग्रुपला थांबलं. राऊतने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. मग त्याने तो झटकला.

“मास्तर, मशीन बिघडली.”

“मशीन बरोबर हाय. लिही.”

“काहीच येऊन नाही राह्यलं ना!”

“भगतले येते. त्याचं पाह्य.”

वीस ग्रुप देऊन मी थांबलो. सुखदेवचे वीसच्या वीस. राऊतचे सात. बाकी तिघांचे त्याहूनही कमी. मी पाचही कागद साहेबांसमोर मांडले.

“साहेब, या चौघांचं श्रवण कमजोर आहे. परत पाठवायचे का?”

साहेबांना चेष्टा फारशी आवडत नसे. पण ते उठले आणि टेबलामागे वाकून मी दाखवलेली जोडणी नीट पाहून घेतली. मग कोट सावरून काळा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, नंतर राऊतचा, पुन्हा काळा.

“दोन महिने हा मुलगा असंच ऐकत होता?” त्यांनी विचारलं.

“हो साहेब.”

“मग तू बोलला का नाहीस रे?” हे सुखदेवला.

सुखदेव उभा राहिला. “साहेब, मले वाटलं सगळ्यायले असाच बारीक येते. दुसरा कधी लावलाच नाही ना मी. मले वाटे, हे चौघं हुशार हाय, मीच ढ हाय.”

मी त्या वेळी खिडकीकडे तोंड केलं होतं. तेवढंच सांगतो.

शेरा रद्द करायला साहेब तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीने. “स्वतःच्या हाताने खोडा. शेजारी कारण लिहा. आणि चूक यंत्राची लिहू नका, तुमची लिहा.” मी लिहिली. त्याची एक प्रत माझ्या फाइलला लागली आणि पुढची बढती तिने बरीच लांबवली. तक्रार नाही.

खरी अडचण पुढेच होती. तिसऱ्या चाचणीचा लिफाफा नागपूरहून बंद येत असे. साहेबांसमोर फोडायचा, एकदाच वाजवायचा, पाचही जणांनी एकाच वेळी लिहून घ्यायचं. सुखदेवची वेगळी चाचणी घेता येत नव्हती. शंभर ओहमचा पाचवा हेडफोन मागवला तर महिना लागणार. वर्गातलं यंत्र आणि काळा हेडफोन यांचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर यवतमाळात शोधूनही मिळाला नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, “पाचही जणांना सारखा आवाज मिळाला पाहिजे. नाही तर मी सही करणार नाही.”

चार हेडफोन, पाच डोकी. मी आणि शेखभाई बराच वेळ डोकं खाजवत बसलो. शेवटी शेखभाईच म्हणाला, “गावंडे, हेडफोनको कान तो दो होते हैं ना? एक-एक बाँट दो.”

इतकं सोपं होतं. डोक्यावरची पोलादी पट्टी काढली की कानांवरचे दोन डबे सुटे होतात. तारेला हात लावायचा नाही. आवाज तोच, फक्त एकेकाला एकेका कानाने. मात्र दोन डब्यांमधली तार हातभरच. दोघांना एकाच बाकावर, मांडीला मांडी, डोक्याला डोकं लावून बसावं लागणार. शिवाय एका हाताने डबा धरायचा आणि दुसऱ्याने लिहायचं. जो वाटून घेईल त्याचा थोडा तोटाच.

मी वर्गात ही युक्ती सांगितली. “भगतसोबत कोन बसते?”

हुकूम देऊन मी कुणालाही बसवू शकत होतो. दिला नाही. कुणी पेन्सिलीला टोक करायला लागलं, कुणी बुटाची नाडी पाहायला लागलं. मी मनात दहा मोजले.

राऊत उठला. स्वतःच्या हेडफोनची पट्टी त्याने वाकवून काढली आणि सुखदेवच्या बाकावर जाऊन बसला.

“सरक ना तिकडं,” तो त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, थोडं चिडूनच, “मास्तर, त्या दिवशी मले दहा मिनिटं ऐकू नाही आलं तं जीव घाबरा झाला. हा दोन महिने कसा बसला?”

मी म्हणालो, “उजव्या हातानं लिहितोस ना? मग डाव्या कानाले लाव.”

शनिवारी साहेबांनी लिफाफा फोडला. शेखभाई कीवर बसला. पहिल्या बाकावर दोन डोकी एकमेकांना टेकलेली, एकाचं तेल दुसऱ्याला लागत असणार. मधे एकदा राऊतचा डबा घामाने निसटला, तो सुखदेवने न बघता झेलून परत दिला. त्याचं लिहिणं थांबलं नाही.

छत्तीसला पास होतं. राऊतला सदतीस मिळाले, सुखदेवला एकोणचाळीस. चाळिसावा राऊतच्या शिंकेमुळे गेला असं सुखदेव म्हणतो, आणि आपण शिंकलोच नव्हतो असं राऊत म्हणतो. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

सुखदेवची नेमणूक त्याच पावसाळ्यात उमरखेडला झाली. पैनगंगेला पाणी चढलं, आकाशात विजा, हेडफोनमध्ये नुसती खरखर, अशा दिवसांत बाकीचे ऑपरेटर ‘पुन्हा सांगा’ म्हणत बसायचे. तो एकदाच ऐकायचा. बारीक आवाजाची सवय लागली होती ना. पण म्हणून त्याच्यावर उपकारच झाले असं कुणी म्हणू लागलं, तर त्या माणसाला मी घरी चहा विचारत नाही. वर्षभरात त्याने बापाला खाणीतून वर काढलं, ते त्याने आपल्या बळावर.

दोन हजार ओहमचा तो काळा हेडफोन मी रिसीव्हरला लावून टाकला. तिथे तो पुढे बारा वर्षं उत्तम चालला. शेखभाई तो लावायचा, मी लावायचो.

नंतर मी निवृत्त होईपर्यंत किती तरी वर्ग घेतले. पहिल्या दिवशी मोर्स शिकवत नसे. सगळे हेडफोन एका टेबलावर ठेवायचो आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा लावून बघायला सांगायचो. आधी मी स्वतः सगळे लावायचो. दर वेळी एखादा मुलगा कुरकुरायचा, याची काय गरज, मास्तर? मी ओहमचा नियम सांगायचो. निम्मं कारण तेच होतं.